आबाजींची जनता पुढे का पळते?

छंदांच्या पानावर या महिन्यात मनगटी घड्याळांची पत्रं घेतली आहेत. उत्तरं देणारे लेखक एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, आता दारव्ह्याला असतात. त्यांच्याकडे 43 घड्याळं आहेत. त्यातलं एकही अडीच हजारांच्या वरचं नाही.

प्रश्न : काका, मी 24 वर्षांचा, शेती करतो. आबाजींची एचएमटी जनता पेटीत सापडली. लग्नात सायकल आणि रेडिओसोबत मिळाली होती म्हणे. चावी दिली तर लगेच चालू झाली. आठवडाभर वेळ बरोबर दाखवला, आता मात्र दिवसाला 20 मिनिटं पुढे पळते. घड्याळवाला म्हणतो, मशीन गेलं, यात सेलचं मशीन टाकून देतो. ऑनलाइन लाल-हिरव्या डायलच्या 'एकदम नव्या' जनता 1,100 रुपयांत दिसतात. तीच घेऊन टाकू का? (दिग्रस तालुका)

उत्तर : बाबू, आधी हे सांग, रात्री घड्याळ ठेवतोस कुठे? साउंडबॉक्सवर? की मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हराला चिकटून?

म्हाताऱ्या घड्याळातलं तेल वाळलं की ते बहुतेक मागे पडतं, नाहीतर थांबत थांबत चालतं. आठवडाभर नीट चाललेलं घड्याळ एकाएकी इतकं पुढे पळायला लागलं, तर माझा पहिला संशय चुंबकावर. आत हेअरस्प्रिंग असते, केसासारखी बारीक, जिलबीसारखी गुंडाळलेली. तिला चुंबक लागला की वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते, बॅलन्सचं चाक झपाझप झुलतं आणि काटे धावत सुटतात. शाळेच्या कंपासपेटीतलं छोटं होकायंत्र असेल तर घड्याळ हळूहळू त्याच्याजवळ ने. सुई जोरात वळली तर समज. चुंबक उतरवायचं छोटं यंत्र मिळतं, काही शे रुपयांचं, आणि काम अर्ध्या मिनिटाचं. त्यानंही फरक पडला नाही तर स्प्रिंगवर तेल गेलं असेल. मग मशीन खोलून धुवायला लागेल, तेही मशीन टाकून देण्यासारखं कारण नाही. घड्याळवाला बदल.

सेलचं मशीन मात्र त्यात बसवू देऊ नको. रात्री वीज गेली की जनता कानाला लावून बघ. सेकंदाला 5 टिकटिक, म्हणजे तासाला 18,000. सेलच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. वेळ तो जास्त बरोबर दाखवतो, नाही म्हणत नाही, पण कानाला काय ऐकू येतं? सेकंदाला एक ठोका. डायलवर '17 ज्वेल्स' लिहिलंय, ते आतले कृत्रिम माणकाचे खडे. चाकांची टोकं त्यांच्यात फिरतात म्हणून झिजत नाहीत. खड्यांना विकून काही मिळत नाही, तेव्हा घरातल्या कोणाला ते काढायची बुद्धी होऊ देऊ नको. आमच्याकडे एका नातलगाला झाली होती.

एचएमटीनं 1961 मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळं काढायला सुरुवात केली. 2016 मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं. आता सुटा भाग लागला तर बहुतेक दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावा लागतो. लाल-हिरव्या 'नव्या' जनतांचं रहस्यही इथंच आहे. जुनी मशीनं, घासून चकचकीत केलेली बॉडी आणि वरून नव्यानं रंगवलेली डायल. शौकीन लोक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नागपूरच्या नावानं नाही म्हणत, याचं मला अजूनही बरं वाटतं.

बरं वाटतं, पण फसलो मी नागपुरातच. रविवारच्या बाजारात एचएमटीचीच काळ्या डायलची 'पायलट' 900 रुपयांत घेतली. घरी आणून भिंग लावलं. अक्षरं सुजल्यासारखी जाड, सहाच्या आकड्यासमोरची रेघ तिरपी. बॉडीच्या कडा घासून घासून साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. दोन महिन्यांनी सेकंदकाटा सुटला आणि काचेच्या आत खुळखुळायला लागला. ती मी अजून ठेवली आहे. कोणी नवीन शौकीन घरी आला की आधी तीच हातात देतो आणि खरी कोणती ते विचारतो. आजवर तिघांनी तिलाच खरी म्हटलं.

तुझ्याकडे खरी आहे. काच प्लास्टिकची असते, तिच्यावरचे ओरखडे फडक्यावर जरा पांढरी टूथपेस्ट घेऊन घासले की बरेच जातात. जेल नको. चावी रोज सकाळी एकाच वेळी द्यायची, अडली की थांबायचं, जोर करायचा नाही. पट्टा बहुतेक 18 मिलिमीटरचा बसतो, तरी घेण्याआधी मोजून बघ. आजीला विचारून जुना पट्टा जपून ठेव, कातड्यावर आबाजींच्या मनगटाचा बाक असेल. ते 1,100 रुपये सर्व्हिसिंगला ठेव.

प्रश्न : फवारणी, डवरणी, सगळ्यात टिकेल असं घड्याळ सांगा. 'वॉटर रेझिस्टंट 30 मीटर' असलेलं चालेल ना? (कळंब तालुका)

उत्तर : दादा, 30 मीटरचा अर्थ 30 मीटर विहिरीत उतरा असा नाही. तो कारखान्यातल्या दाबाचा आकडा. हात धुतले, पावसाचे थेंब पडले, इथपर्यंत ठीक. कॅनॉलमध्ये पोहायला 100 मीटरवालं बघा.

कामाला कॅसिओचं एफ-91डब्ल्यू. 1989 पासून निघतंय, वजन 21 ग्रॅम, सेल सुमारे 7 वर्षं जातो. चार्जर लागत नाही, ही आपल्या लोडशेडिंगमध्ये मोठी गोष्ट. कपाशीत दिवसभर हात हलवला तरी मनगटाला जाणवत नाही. फवारणीला मात्र कोणतंच घड्याळ घालू नका. चामड्याचा पट्टा औषध पितो आणि ते दिवसभर कातडीला लागून राहतं. घड्याळ धुऱ्यावरच्या डब्यात ठेवा, हात साबणानं धुतले की मग घाला.

प्रश्न : भाऊ, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पाच वर्षांत 7 घड्याळं झाली, सगळी पाचशे ते हजारातली. घरचे म्हणतात, हात दोनच, घालणार कुठे? (आर्वी तालुका)

उत्तर : ताई, सात म्हणजे वाराला एक. यात हसण्यासारखं काय आहे? मी नोकरीत असताना दोन्ही हातांत घालायचो. गाडीची वेळ नोंदवली की ड्रायव्हर म्हणायचे, 'साहेब, तुमचं घड्याळ पुढे आहे.' मग मी दुसरा हात पुढे करायचो.

एक काळजी घ्या. सेलचं घड्याळ बंद पडलं की मेलेला सेल आत ठेवू नका. स्वस्तातला अल्कलाइन सेल पाझरतो आणि मशीन खातो. दहा-वीस रुपये जास्त देऊन सिल्व्हर ऑक्साइडचा मागा. मुलांना घड्याळ शिकवायला काट्यांचंच नेत असाल. एखादं चावीचंही न्या आणि मागचं झाकण घड्याळवाल्याकडून उघडून घेऊन एकदा बॅलन्स झुलताना दाखवा. चौथीच्या पोरांना मी दाखवलं होतं, मधली सुट्टी झाली तरी कोणी हललं नाही.

आणि घरच्यांचं म्हणाल तर गेल्या अंकात माझी 42 होती. 43 वं कुठून आलं ते आमच्या घरी हे पान वाचूनच कळणार आहे.