मेंदूच्या धमनीवर आलेला फुगा (अॅन्युरिझम) आतून बारीक तारेच्या कॉइलनी भरतात, ते कॉइलिंग. त्यानंतर एका रिपोर्टात 'पूर्ण बंद', सहा महिन्यांनी दुसऱ्यात 'मान शिल्लक', म्हणजे फुगा धमनीला जुळतो तो भाग उघडा. कुणाचं खरं धरायचं?

दोन्ही खरे असू शकतात. कुठल्या श्रेणीनं मोजलं आणि कुठल्या अँगलला बघितलं, हे दोघांनीही लिहिलं नसणार. बेळगावात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओ होतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे, या विषयावर माझं डोकं लगेच तापतं.

खानापूर तालुक्यातल्या एका काकूंचं कॉइलिंग दुसऱ्या गावी झालेलं, कार्डावर 'फुगा पूर्ण बंद'. फॉलोअपची अँजिओ आमच्याकडे केली, तर मानेशी डाय (एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून सोडतात तो) शिरताना स्पष्ट दिसला. मुलगा कॉरिडॉरमध्येच ओरडला, "मग तिथं केलं काय त्यांनी?" पिशवीतून जुनी सीडी काढून दिली त्यानं. शेवटचे रन, म्हणजे डाय सोडून घेतलेल्या फिल्म, दोनच, समोरून आणि बाजूनं. फुग्याची मान धमनीपासून सुटी दिसते तो तिरका अँगल, ज्यात कॉइल भरल्या, त्यातला शेवटचा रन सेव्हच नव्हता. मान पहिल्या दिवसापासून उघडी होती की कॉइल दबून नंतर उघडली, सांगायला आधारच नाही. आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं: आहे तेवढीच राहिलेली मान बहुतेकदा नुसती बघत राहतात, वाढत चाललेली तशी सोडत नाहीत.

आमचे सिनिअर म्हणाले, "पेशंटला त्रास नाही, अँगलचे अंश कशाला लिहायचे?" तिथून आमची जुंपली ती अजून मिटलेली नाही. अंश स्क्रीनवर असतातच की हो, रिपोर्टात उतरवायला कितीसा वेळ लागतो?

तुमच्या कॉइल आहेत, तर रेमंड-रॉय श्रेणी विचारा. १ म्हणजे पूर्ण बंद, २ म्हणजे मान शिल्लक, ३ म्हणजे फुग्यातच डाय. ३ मध्येही डाय कॉइलांच्या मधे आहे की भिंतीलगत, हे लिहायला हवं. भिंतीलगतचा आपोआप बंद व्हायची शक्यता कमी.

फ्लो डायव्हर्टरला हीच श्रेणी लावतात तेव्हा मला राग येतो. ती जाळी धमनीत बसते, फुगा हळूहळू काही महिन्यांत गोठतो. पहिल्या दिवशी डाय दिसणारच, म्हणून उपचार फसला म्हणायचं? त्याला ओकेली-मरोटा श्रेणी आहे: फुगा किती भरतो ते ए ते डी, आणि डाय किती वेळ साचून राहतो ते १ ते ३. साचणं बघायचं तर रन शिरा भरेपर्यंत चालू ठेवावा लागतो. एक्स-रेचा डोस वाचवायला मधेच पेडलवरचा पाय उचलला की ती श्रेणी देताच येत नाही. फुग्यात बसवतात त्या वेब नावाच्या टोपलीची श्रेणी आणखी वेगळी, कारण टोपलीच्या तळाच्या खोलगट भागात डाय दिसला तरी फुगा उघडा असेलच असं नाही.

आणखी एक, जे आमच्याकडे बोललेलं चालत नाही: ज्यानं कॉइल भरल्या त्यानंच श्रेणी देऊ नये. करणारा स्वतःच्या केसला तटस्थ वाचणाऱ्यापेक्षा चांगली श्रेणी देतो, हे अभ्यासांत दिसलंय.

तुमची एक तपासणी डीएसए (डाय सोडून केलेली एक्स-रे अँजिओ) आणि दुसरी एमआरए (एमआरआयवरची) असेल, तर वरची तुलना सरळ लागू होत नाही. आणि मी डॉक्टर नाही, पुन्हा कॉइल घालायच्या का ते न्यूरोइंटरव्हेन्शनवालेच, म्हणजे हे उपचार करणारे डॉक्टरच सांगतील. पण दोन्हीकडच्या सीडी मागा, डायकॉम (मूळ चित्रांच्या) फाइलींसकट, आणि दोन्ही एकाच माणसाला शेजारी शेजारी लावून बघायला सांगा. नुसता छापील रिपोर्ट घेऊन मिरज-कोल्हापूरला जाऊ नका.