वॉटर्लूचे लाल डगलेवाले रंगवताना
वॉटर्लूच्या लढाईतले लाल डगल्याचे ब्रिटिश सैनिक रंगवायला 1:72 मापाचे (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे) मऊ प्लॅस्टिकचे शिपाई घेतलेत, छान केलंत. आधी ते कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवून घ्या. साच्याचा तेलकटपणा राहिला की रंगाचे पापुद्रे सुटतात. मग प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. त्यावर ॲक्रिलिक रंग पातळ करून दोन हात द्या, एकाच जाड हाताने नाक-तोंड बुजतं.

डगला बहुतेकांचा लाल, पण कॉलर आणि कफ नीट बघा: 33व्या रेजिमेंटचे (पलटणीचे) लाल, 44व्याचे पिवळे. 95व्या रायफल्स या रेजिमेंटचा तर डगलाच गडद हिरवा! छातीवरचे पांढरे पट्टे थेट लालवर ओढू नका, गुलाबी दिसतात. आधी करडा, त्यावर पांढरा, आणि कडेला करड्याची बारीक रेघ राहू द्या. शिपाई त्या रेघेनेच उठून दिसतो. डोळे रंगवायच्या फंदात तूर्तास पडू नका.