वाहनांचे प्रश्न, वाचकांसाठी: थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

प्रश्न : माझी २००४ सालची डिझेल जीप आहे. तुळजापूरचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याजवळ जातो, सपाटीला आल्यावर उतरतो. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट वॉल काढून टाका, सोलापुरात थंडी असते कुठं! काढावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची, तापमानानुसार उघडणारी झडप (वॉल). सकाळी गाडी सुरू केल्यापासून इंजिन लवकर तापावं आणि मग एका ठरावीक तापमानाला टिकावं, हे थर्मोस्टॅटचं काम आहे, मग बाहेर ४३ अंश असोत की १५. तो काढला की इंजिन तापायला वेळ लागतो. डिझेल अर्धवट जळून ऑइलमध्ये उतरतं, पाण्याची वाफ उडून जात नाही आणि फिलर कॅपखाली पिवळट चिकट गाळ धरू लागतो. त्यातून काही इंजिनांत वॉलच्या खालची चकती गरम झाल्यावर बायपासचं (रेडिएटर वगळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करते. वॉलच नसला तर ते तोंड उघडंच राहतं, गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतो, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

शिवाय तुम्ही लिहिलंय त्यावरून दोष वॉलचा वाटत नाही. वॉल बंद अवस्थेत अडकला असता तर सपाटीवरही थोड्या वेळात काटा चढला असता. फक्त चढावर तापते म्हणजे आधी रेडिएटरची जाळी (कचरा, माती), आतला क्षार, पंख्याचा ढिला पट्टा आणि रेडिएटर कॅप बघा.

तरी वॉलची खात्री करून घ्या. थंड इंजिन सुरू करा आणि पंख्यापासून जपून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावा. होज बराच वेळ गार राहून एकदम तापला तर वॉल ठीक. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा अडकलाय. काटा वर, होज गार, असं असेल तर बंद अडकलाय, नाहीतर हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप गेलाय.

वॉल बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. रेडिएटरच्या खालच्या नळातून दोनेक लिटर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) काढा म्हणजे पातळी हाउसिंगच्या (वॉल ज्यात बसतो त्या घराच्या) खाली येईल. वरचा होज इंजिनला जिथं जोडलेला असतो, तिथंच बहुधा हाउसिंग सापडतं. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावला की ते ॲल्युमिनियममध्ये तुटतात आणि मग पाच मिनिटांचं काम लेथवर जातं. जुनं गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून बसवलेला पातळ कागद) लाकडी पट्टीने खरवडा, भोकात फडकं कोंबून.

नवा वॉल बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तपासा. कडेवर ८२ किंवा ८८ असा अंशांचा आकडा कोरलेला असतो, जुन्यावरचाच घ्या. वॉल दोऱ्याला टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. आकड्याच्या आसपास तो उघडायला लागतो आणि त्याच्यापुढे १२-१५ अंशांत पूर्ण उघडतो, साधारण ८ मिलिमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे, म्हणून पाणी इथं ९८-९९ अंशांनाच उकळतं. ८८ चा वॉल उकळीतही शेवटचा थोडा उघडला नाही तर घाबरू नका.

स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला. पिन खाली आली की हवा अडकते. कागदी गॅस्केट कोरडंच बसवा. भरपूर सीलंट थापला तर त्याचा तुकडा सुटून रेडिएटरच्या नळीत जातो. बोल्ट आळीपाळीने आवळा. झाकण उघडं ठेवून, हीटर असेल तर गरमवर करून, वॉल उघडून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि भर घालत राहा.

प्रश्न : बोअरचं पाणी कूलंटमध्ये चालेल का?
– अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. त्यातला क्षार वॉलच्या कडेला आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतो. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी घालून वापरायचं) असेल तर निम्मं निम्मं मिसळा. बाटलीवर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर पाणी घालायचंच नाही. दोन वर्षांनी बदला.

प्रश्न : वॉल किती वर्षांनी बदलावा?
– होटगी रोड

उत्तर : ठरावीक मुदत नाही. इंजिन एकदा जोरात तापलं असेल, किंवा वॉटर पंपासाठी पाणी काढलंच असेल, तर त्याच वेळी बदला. रेडिएटर कॅपही नवी घ्या, पण जुनीवर दाबाचा आकडा ०.९ लिहिला असेल तर १.१ ची लावू नका. जुन्या होजला आणि हीटर कोअरला (केबिन हीटरच्या छोट्या रेडिएटरला) तो जादा दाब सोसत नाही.