"आधी औषध देऊन बघू, मग स्कोप" : आमच्या अनुभवावरून

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय: सोळा महिन्यांचा मुलगा, पाच-सहा महिन्यांपासून शीमध्ये आव आणि रक्ताच्या रेघा, गाईचं दूध बंद करून तीन महिने झाले तरी तेच. कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शीची चाचणी) १२०० आलंय, डॉक्टर स्कोप, म्हणजे भूल देऊन दुर्बिणीने आतडं आतून बघू म्हणतायत आणि घरचे म्हणतायत, "एवढ्याशा जिवाला भूल कशाला, आधी स्टेरॉइड देऊन बघा." तुमची पोस्ट वाचता वाचता मी मध्येच थांबले आणि वर जाऊन लिहिणाऱ्याचं नाव बघितलं. आमच्या लेकीचं अकराव्या महिन्यात सुरू झालं होतं, आणि "दात येतायत" पासून "तुझ्याच खाण्यात काहीतरी येतंय" पर्यंत सगळं ऐकून झालंय.

मी डॉक्टर नाही. खाली जे लिहितेय ते एका आईचं आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारून पडताळून घ्या. आतड्याची ही सूज म्हणजे काय, तिचे क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे जे दोन दीर्घकाळचे आजार, त्यांच्यात फरक काय, हे तुम्ही वाचलेलं दिसतंय, त्यात वेळ घालवत नाही.

स्कोप आधी करा. मूल खरंच खालावलं असेल तर डॉक्टर थांबू शकत नाहीत आणि तिथे हुज्जतही घालू नये. पण थांबणं शक्य असेल तर स्टेरॉइडच्या आधी. स्टेरॉइडने सूज उतरली की तपासायला काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांमध्ये दिसायचं तेही फिकं होतं, आणि मग चित्र अर्धवट. त्याच वेळी रक्तातून प्रतिकारशक्तीच्या चाचण्याही करून घ्या: इम्युनोग्लोब्युलिन, लिम्फोसाइटचे प्रकार, आणि पांढऱ्या पेशी जंतू मारतात की नाही ते बघणारी डीएचआर किंवा एनबीटी. आम्ही स्टेरॉइड सुरू झाल्यावर केल्या आणि "औषधामुळे की मुळातच?" या प्रश्नावर अडकून सगळ्या पुन्हा कराव्या लागल्या. या चाचण्या अशासाठी की सहा वर्षांच्या आत सुरू होणाऱ्या आजारात, आणि त्यातही दोन वर्षांच्या आत, एखाद्याच जनुकातला दोष हे कारण असण्याची शक्यता मोठ्या मुलांपेक्षा जास्त असते. बहुतेक मुलांत तसं सापडत नाही, म्हणून घाबरू नका. पण सूज आवरणाऱ्या इंटरल्यूकिन-१० या प्रथिनाच्या रिसेप्टरमधला दोष असेल (हा २००९ मध्ये सापडला), तर नेहमीच्या औषधांनी आजार आटोक्यात येत नाही आणि मुळावरचा उपाय बोन मॅरो ट्रान्सप्लांट असतो. म्हणजे उपचाराची दिशाच बदलते. गुदद्वाराभोवती गळू, खोल चिरा, तोंडात सतत फोड यातलं काही असेल तर डॉक्टर विचारायची वाट बघू नका, स्वतःहून दाखवा.

आता आमचं कुठे चुकलं ते.

पहिला स्कोप आम्ही वेळेत केला, पंधराव्या महिन्यात, स्टेरॉइडचा एक थेंबही न देता. आतड्याच्या टोकापर्यंत जाता आलं नाही, ठीक आहे, लहान मुलात होतं. तुकडे मात्र सगळे एकाच बाटलीत टाकले. मी ती बाटली पाहिली होती. फॉर्मालिनमध्ये खाली बसलेले तांदळाच्या कणीएवढे सात-आठ फिकट तुकडे आणि वर चिकटपट्टीवर निळ्या पेनाने "कोलन". मला वाटलं, असंच असतं. विचारलं नाही.

रिपोर्ट आला: इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, ॲलर्जीची शक्यता. झालं. दूध आधीच बंद होतं, मग सोया, अंडं, गहू, एकेक करत अजून चार महिने सगळं बंद. वजनाची रेघ तक्त्यावर आडवी झाली, मग खाली वळली. (साधी गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर दूध बंद केल्यावर सहसा दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. तीन महिने थांबलात ते पुष्कळ झालं.) दुसऱ्या मताला गेलो तेव्हा तिथल्या पॅथॉलॉजिस्टने रिपोर्ट वाचून एकच विचारलं, "हा तुकडा कुठला?" मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला इओसिनोफिल निरोगी मुलातही जास्तच असतात, गुदाशयाकडे येताना कमी होतात. जागा माहीत नसेल तर "वाढलेले" या शब्दाला अर्थ नाही. आमची चार महिन्यांची उपासमार त्या एका निळ्या अक्षरावर उभी होती.

ते म्हणाले, मूळ ब्लॉक आणा, मी नव्याने काप काढून बघतो. ब्लॉक म्हणजे तुकडे मेणात बसवलेला तो छोटा ठोकळा. तो आणायला मी ज्या खिडकीवर गेले तिचं नाव लिहीत नाही, पण तिथला माणूस अजून स्वप्नात येतो. पहिल्या दिवशी अर्ज हवा. दुसऱ्या दिवशी अर्जावर डॉक्टरांची सही हवी. सही आणली तर "ब्लॉक देत नाही, स्लाइड देतो." स्लाइडला गेले तर जेवणाची सुट्टी. मग "ज्यांच्याकडे किल्ली आहे ते रजेवर." मग "असा नंबरच नोंदवहीत नाही." कडेवर तापलेलं मूल, आणि तो मान वर न करता म्हणतो, "मॅडम, रिपोर्ट दिलाय ना तुम्हाला?" पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांत तिला एवढं रक्त गेलं की रातोरात दाखल करून स्टेरॉइड सुरू करावं लागलं. दुसरा स्कोप तेविसाव्या महिन्यात, पुन्हा भूल, आणि तोही औषध चालू असताना. नशीब की यावेळी लहान आतड्याच्या शेवटापर्यंत पोचता आलं आणि तिथे क्रोन सापडला. ब्लॉक सापडल्याचा फोन त्यानंतर दोन महिन्यांनी आला.

म्हणून स्कोपच्या आधी, भूल देण्याच्या खोलीबाहेर नव्हे तर आदल्या भेटीत, विचारा: प्रत्येक भागाचे तुकडे वेगळ्या बाटलीत जाणार ना? वरून आणि खालून दोन्ही स्कोप एकाच भुलीत होणार ना? दिसायला चांगल्या भागातूनही तुकडे घेणार ना? मुलांमधल्या या आजारांच्या निदानासाठीच्या २०१४ च्या सुधारित पोर्टो निकषांत हेच आहे, दिसेल त्या प्रत्येक भागातून किमान दोन तुकडे, तो भाग निरोगी दिसला तरी. कुणाला तुम्ही आगाऊ वाटलात तर वाटू दे. आमच्या दुसऱ्या वेळी नऊ बाटल्या होत्या आणि मी त्या मोजल्या. रिपोर्टच्या दिवशीच ब्लॉक-स्लाइड मिळण्याची पद्धत लेखी विचारून ठेवा, गरज पडो न पडो.

कॅल्प्रोटेक्टिनबद्दल: नॉर्मलची ५० ची रेघ मोठ्यांची आहे. चार वर्षांखालच्या निरोगी बाळांत आकडा बराच वर असू शकतो, त्यामुळे एकट्या १२०० वरून निदान होत नाही. पण रक्त आणि वजनासोबत तो आकडा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. उलट सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची चाचणी) नॉर्मल आलं म्हणून कुणी "काही नाही" म्हणालं तर मान्य करू नका, आमच्याकडे दोनदा नॉर्मल होतं. नमुना घेताना डायपर उलटा लावा, प्लास्टिकची बाजू आत, नाहीतर पातळ भाग शोषला जातो आणि खरवडायला काही उरत नाही.

लसींची यादी सोबत न्या. इम्युनोसप्रेसंट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, सुरू होणार असतील तर जिवंत लसींचं काय करायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि बीसीजी टोचलेल्या जागी काही झालं होतं का तेही सांगा.

उपाशी ठेवण्याची भीती तुम्ही लिहिलीय. अंगावरच्या दुधाला, डब्याच्या दुधाला आणि पाण्याला वेगवेगळ्या वेळा असतात, त्या भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि पहाटेचा गजर लावून शेवटची पाजणी चुकवू नका. आमची पहिल्या वेळी चुकली, आणि ती खोलीत जाईपर्यंत माझ्या ओढणीचं टोक चोखत होती.