संतकवितेतून त्या काळचा समाज आणि इतिहास खरंच कळतो का?

तुमचा प्रश्न असा, की अभंग-भारुडं निव्वळ भक्तीची मानायची की इतिहासाचं साधन म्हणूनही वाचता येतात. वाचता येतात, आणि वाचायलाच हवीत. फक्त त्यांत लढाया आणि तहनामे शोधू नका. त्यांत दळण आहे, भूक आहे, सावकारी आहे, कचेरी आहे.

कचेरीपासूनच सुरुवात करते, कारण मुंबईत सरकारी नोकरीत माझा अख्खा दिवस अर्जांतच जातो. एकनाथांचं (1533–1599) 'अर्जदस्त' वाचा. पैठण तेव्हा निजामशाहीत होतं आणि हे भारूड म्हणजे रीतसर सरकारात धाडलेला अर्ज. बुधाजी कारकून, परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी! तक्रार मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी यांच्याविरुद्ध. देशमुख आपलं काम परभारे, म्हणजे परस्पर, करून घेतो, नाईकवाडी म्हणजे परगण्याचा शिपाई, तो वस्ती लुटून जाळतो. वर यमाजीपंताची, म्हणजे यमाची, तलब (हजर होण्याचं बोलावणं) आहेच. रूपक अध्यात्माचं, पण देशमुख कसा वागतो हे ज्यानं सोसलंय त्यालाच ते चटकन भिडणार. वतनाच्या (वंशपरंपरागत हुद्द्याच्या) कागदांत हक्क आणि मानपान सापडतात, हा जाच क्वचितच.

तुकोबांचं तसंच. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' हा 1630च्या सुमाराचा दुष्काळ. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याच्या 'बादशाहनाम्या'तही तो आहे. पिठात हाडांचा चुरा मिसळून विकत, असं तो लिहितो. त्याच्यापुढे सगळा मुलूख आहे, तुकोबांपुढे स्वतःचं घर. धंद्यात तूट आली त्याची लाज वाटली, हेही ते त्याच अभंगात सांगतात. महाजनकीच्या (बाजारपेठेच्या वतनाच्या) घरात दुष्काळ कसा शिरतो, हे मला दुसरीकडे कुठे इतकं स्वच्छ वाचायला मिळालेलं नाही.

आणि चोखोबा. 'बहु भुकेला जाहलो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो' ही ओळ वाचल्यावर गावगाड्याच्या गोडव्यांवर माझा तरी विश्वास बसत नाही. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना ते कोसळून चोखोबा गेले, 1338 साली, असं परंपरा सांगते.

मात्र जपून. अभंग तोंडोतोंडी आले, वह्यांत उतरले, एकाचे दुसऱ्याच्या नावावर गेले. म्हणून एका सुट्या ओळीवर काळ ठरवू नका; पाठभेद (वेगवेगळ्या वह्यांतले शब्दांचे फरक) दिलेली प्रत घ्या. तुकोबांपुरतं सांगायचं तर 1869पासून मुंबईत इंदुप्रकाश छापखान्यानं काढलेल्या गाथेवरून सरकारनं 1950 साली छापलेली गाथा बघा. तिथून सुरुवात करा.