आकडा गल्लीचा हवा

प्रिय बेटा,

तुझा सर्वेचा फॉर्म वाचला. शिक्षण, उत्पन्न, रेशन, आजार, गटार, सगळं त्यात आहे. वस्तीबद्दलची तुझी कळकळ त्यात दिसते, म्हणूनच स्पष्ट लिहिते. हा फॉर्म घेऊन घरोघर जाऊ नकोस. दिवसभर राबून आलेल्या बाईला अर्धा तास दारात उभं ठेवायचं असेल, तर तिच्या उत्तराने कुठला निर्णय बदलणार हे आपल्याला आधी माहीत हवं.

नागपुरात त्यासाठी पहिली चौकशी अशी, की तुझी वस्ती मनपाकडे आहे की नासुप्रकडे, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकासाच्या वेगळ्या सरकारी संस्थेकडे. सुधार प्रन्यास १९३६ पासूनचा. ५७२ आणि १९०० ले-आऊट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, परवानगीविना पडलेल्या वसाहतींतल्या कुठल्याही जुन्या रहिवाशाला विचार, हा प्रश्न किती महत्त्वाचा ते तो सांगेल. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तर उत्तम आकडेही पडून राहतात. मग मनपाच्या दहा झोनपैकी आपला कोणता, तिथे आरोग्य आणि पाणी कोण बघतं, हे वहीत लिही.

सुरुवात डेंग्यूपासून कर. तो पसरवणारा एडिस डास जिथे जन्मतो तिथून बहुधा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे शहरात यंदा किती रुग्ण झाले, यावरून तुझ्या गल्लीत काय करायचं ते कळत नाही. आपल्याकडे तर घरोघरी कूलर. पाऊस लागला की तो बंद होतो, पण खिडकीतून निघत नाही आणि टाकीत पाणी तसंच राहतं. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही. अंडी टाकीच्या कडांना चिकटून कित्येक महिने कोरडी टिकतात, तेव्हा टाकी घासावीच लागते.

कंटेनर सर्वेत, म्हणजे घरोघरची पाण्याची भांडी अळ्यांसाठी तपासताना, दोन आकडे नीट काढ. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, हा घर निर्देशांक. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक. समज, शंभरापैकी दहाच घरांत अळ्या आहेत, पण भांडी तीस निघाली. म्हणजे त्या दहा घरांत पाण्याची साठवण फार आहे. का आहे? नळ कधी येतो, किती वेळ चालतो, ते तिथेच विचार. ती घरं एकाच गल्लीच्या टोकाला निघाली आणि तिथे नळ जेमतेम येत असेल, तर ड्रम भरून ठेवण्याचा दोष त्या बायकांवर कुणाला टाकता येणार नाही. तिथे धूर फवारणीची गाडी मागून उपयोग नाही. पाण्याचा दाब आणि वेळ मागायला हवी. शहराच्या किंवा प्रभागाच्या सरासरीत ही गल्ली दिसतच नाही. मला या कामात सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

पावसाचंही असंच. शहराचा पाऊस सोनेगावला विमानतळावर मोजतात, पण तुझ्या नाल्याकाठी पाणी कुठवर चढलं ते तिथे कळत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. भिंतींवरच्या त्या खुणा रंग दिला की जातात. तुझ्याकडेही कुणी अशी खूण दाखवली तर टेप लावून जमिनीपासूनची उंची मोज आणि जागेसह, तारखेसह लिहून ठेव. नाल्याची संरक्षक भिंत ठरवताना तो कागद समोर ठेवता येईल.

कार्यालयातली माहितीही माग. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न नेमका ठेव: अमुक ले-आऊटमध्ये अमुक वर्षात फवारणी कोणकोणत्या तारखांना झाली, नोंदवहीची प्रत द्या. जनगणनेचा आधार मात्र जपून घे. २०११ साली नागपूर २४ लाख ५ हजारांचं होतं. तुझ्या वस्तीतली कितीतरी घरं त्यानंतर उभी राहिली असतील. म्हणून घरांची आपली यादी आधी कर.

मुंबईत स्पार्क या संस्थेने १९८५ साली फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना केली, तीही त्या लोकांना सोबत घेऊन. त्यांच्या झोपड्या हटवायला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेच हे वर्ष. ज्यांना कुठल्याही यादीत जागा नव्हती, त्यांच्याकडे त्यानंतर स्वतःची यादी होती. तूही बचत गटातल्या दोन-तीन बाया आणि वस्तीची आशा सेविका सोबत घे. कुठल्या घराचं दार दुपारी उघडं असतं हे त्यांना माहीत असतं, आणि उद्या तू नोकरीला बाहेर गेलीस तरी वही वस्तीत राहील.

एका गोष्टीत मात्र मी हट्टी आहे. नकाशावर रुग्णाचं नाव किंवा घर क्रमांक टाकायचा नाही, गल्ली पुरे. पट्टा, म्हणजे राहत्या जागेचा हक्काचा कागद, नसलेल्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर मुळीच फिरता कामा नये. पट्ट्यासाठी केलेली यादी कुणाच्या हाती पडून घर हटवायला वापरली जाईल, याची हमी तू देऊ शकत नाहीस. फोटो काढण्याआधी विचार, आणि नाही म्हटलं तर पुढच्या घरी जा.

आकडे जुळले की झोनला नेण्याआधी विहारात किंवा समाज भवनात सगळ्यांसमोर वाचून दाखव. कुणीतरी उठून म्हणेल, आमच्या मागची बोळ सुटली. तो निरोप घेऊन परत जा, मोज, मगच निवेदन लिही. निवेदनाला एकच पान ठेव, मागणी एक, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नकोस.

आता फॉर्म आठ प्रश्नांवर आण. प्रत्येक प्रश्नासमोर लिही, हे उत्तर कुणाच्या टेबलावर जाणार. जिथे लिहिता येणार नाही तो प्रश्न काढ. पावसाआधी पहिली फेरी व्हायला हवी, तेव्हा नवा फॉर्म याच आठवड्यात पाठव.

तुझी,
ताई