साहेब जळायलेत का?

परभणीत बँकेत असलेल्या माझ्या भाचीला साहेबांचा मेल आला की तुमचं वसुलीचं काम 'एन्व्हिएबल' आहे. तिनं डिक्शनरीत 'एन्व्ही' काढलं, तर समोर 'मत्सर'. रात्री फोन. "मामा, साहेब माझ्यावर जळायलेत का?"

नाही गं. एन्व्हिएबल म्हणजे हेवा वाटावा असं. ही शुद्ध तारीफ. जळणारा असतो तो 'एन्व्हिअस'. शेपूट बदललं की शब्द कुणाला लागतो तेच बदलतं.

डिक्शनरी चुकली नाही, अपुरी पडली. इंग्रजीला एन्व्ही हा एक शब्द पुरतो, तिथं आपण तीन वापरतो. शेजाऱ्याच्या बोअरला चार इंच पाणी लागलं. 'आपल्यालाही लागलं असतं तर' हा हेवा. 'त्याचं आटलं पाहिजे' हा मत्सर. आणि 'लागलंय खरं, पण मचूळ आहे' ही असूया. अमरकोशात असूयेचा अर्थच गुणांवरही दोष लादणं असा दिलाय. जिच्यात ती नाही ती अनसूया. माहूरला अनसूयेच्या देवळात जाणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानात येतं कोण जाणे!

'मला तुझा हेवा वाटतो' हे तोंडावर सांगता येतं, इंग्रजीत 'आय एन्व्ही यू' म्हणतात तसंच. 'तो माझा हेवा करतो' म्हटलं की मात्र तक्रार झाली. वाटणं आपोआप होतं, करणं हे करणाऱ्याच्या अंगावर येतं.

मग 'जेलस' कुठला? काटेकोर इंग्रजीत एन्व्ही दुसऱ्याजवळ आहे त्याची, जेलसी आपल्याजवळचं जाईल याची. शेजाऱ्यानं आपल्या बोअरला खेटून बोअर पाडला की पोटात गोळा येतो, तो जेलसीच्या जवळचा. मराठीत सवतीमत्सर, नाहीतर नवराबायकोतला संशय. पण बोलण्यात इंग्रजही हा भेद फारसा पाळत नाहीत, तेव्हा मित्राच्या नव्या ट्रॅक्टरच्या फोटोखाली कुणी 'सो जेलस' लिहिलं तर कान पकडायची गरज नाही.

मला यात सगळ्यात आवडतं ते एन्व्हीचं मूळ. लॅटिनमध्ये 'इन्व्हिडिआ', त्याच्या पोटात 'व्हिडेरे' म्हणजे पाहणं. आपला रोजचा 'व्हिडिओ' त्याच घरातला. इन्व्हिडिआ म्हणजे वाकड्या नजरेनं पाहणं. आपल्याकडंही रोग डोळ्यांतच सुरू होतो: दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, डोळ्यात खुपतं, नजर लागते. पोटात दुखायला लागतं ते नंतर.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "साहेबांचं कळलं. पण शेजारच्या टेबलावरचे म्हणायलेत, मार्चअखेरीला कुणाचीबी वसुली होते."

ही असूया.